घटक ५ : खेळाची रचना आणि नियमलेखन

५.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला :

* खेळाचे मूलभूत घटक सांगता येतील.
* एखादा नियम खेळाडूच्या वर्तनाला कसे वळण लावतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
* परिसरातील एखाद्या प्रश्नावर साधा पटखेळ रचता येईल आणि विद्यार्थ्यांकडून रचून घेता येईल.
* रचलेल्या खेळाची चाचणी घेऊन त्यातील दोष दूर करता येतील.
* खेळाचे नियम निःसंदिग्ध मराठीत लिहिता येतील.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण माहितीपत्रक, सूचनाफलक आणि वापरपुस्तिका या उपयोजित लेखनप्रकारांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण खेळाच्या नियमावलीचा विचार करणार आहोत. मराठीच्या अभ्यासक्रमात खेळ कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की खेळ मुख्यतः भाषेतच अस्तित्वात असतो. चिंचोके, कवड्या आणि जमिनीवर ओढलेल्या चार रेघा ही केवळ साधने होत. ‘या रेघेपलीकडे गेल्यास बाद’ हे वाक्य सर्वांनी मान्य केले, की त्या रेघेला अर्थ येतो. मान्य केलेल्या वाक्यांतून एक छोटे जग उभे राहते आणि वाक्य सदोष असेल, तर त्या जगात भांडण होते.

आपल्यापैकी अनेक जण शाळांत शिकवतात, अंगणवाडीत काम करतात किंवा वाचनालये व बालमंडळे चालवतात. म्हणून या घटकात खेळ रचण्याबरोबरच खेळ रचायला शिकवण्याचाही विचार केला आहे. त्यासाठी पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार या गावाचा परिसर नमुना म्हणून घेतला आहे. हे गाव कल्याण–अहिल्यानगर मार्गावर ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. तेथील ऊस, मळ्यांतील विखुरलेल्या वस्त्या आणि बिबट्याचा वावर या खऱ्या गोष्टी आहेत. त्यांवर बेतलेला खेळ मात्र केवळ अध्ययनासाठी रचलेला आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ खेळाचे घटक

डच इतिहासकार योहान हौझिंगा यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळ हा संस्कृतीचा मूलाधार आहे, असे प्रतिपादन केले. खेळ नेहमीच्या व्यवहारापासून वेगळ्या काढलेल्या स्थळकाळात चालतो आणि त्या सीमेच्या आत त्याचेच नियम बंधनकारक असतात, हा त्यांच्या विवेचनातील महत्त्वाचा मुद्दा आहे. पुढे बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ साली खेळाच्या आणखी एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले. खेळाडू सोपा मार्ग उपलब्ध असतानाही स्वेच्छेने अवघड मार्ग पत्करतो. लंगडीत पकडायला धावणारी मुलगी दोन पायांनी सहज धावू शकते. तरीही ती एका पायावरच धावते. त्या अडचणीमुळेच लंगडी हा खेळ होतो.

खेळाची रचना करताना पुढील सहा घटकांचा विचार करावा :

१. उद्दिष्ट : खेळाडूला काय साधायचे आहे?
२. साधने व क्षेत्र : पट, सोंगट्या, कवड्या, मैदान.
३. कृती : आपली पाळी आली असता खेळाडू काय करू शकतो?
४. बंधने : खेळाडूला काय करता येत नाही?
५. अनिश्चितता : निकाल आधी कळू नये, यासाठी कवड्यांचे दान, प्रतिस्पर्ध्याची चाल किंवा झाकलेली माहिती.
६. समाप्ती : डाव केव्हा संपतो आणि कोण जिंकते?

नवशिक्या रचनाकाराचे लक्ष बहुधा साधनांकडे जाते. तो पट रंगवतो आणि सोंगट्या सजवतो. वास्तविक खेळाचा जीव कृती आणि बंधने यांच्या संबंधात असतो. पुढील उपघटकात हा संबंध दोन परिचित खेळांच्या आधारे पाहू.

५.३.२ नियमातून वर्तन : खो-खो आणि हुतूतू

खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधून दिले. तोवर गावोगावी वेगवेगळ्या रीतीने खेळल्या जाणाऱ्या या खेळाला त्यामुळे एक समान भाषा मिळाली. त्यातील एकच बंधन पाहा. पाठलाग करणारा खेळाडू एका दिशेने निघाला, की त्याला मध्येच उलट फिरता येत नाही आणि बसलेल्या भिडूंच्या रांगेतून पलीकडेही जाता येत नाही. पळणारा मात्र मोकळा असतो. हे बंधन नसते, तर सर्वांत वेगवान खेळाडूने एकट्यानेच डाव संपवला असता. वळता येत नाही, म्हणूनच त्याला योग्य दिशेला तोंड करून बसलेल्या भिडूला ‘खो’ द्यावा लागतो. सहकार्य करा, असे या खेळाचा कोणताही नियम सांगत नाही. सहकार्य हा या बंधनाचा परिणाम आहे. २०२२ साली पुण्यात झालेल्या अल्टिमेट खो-खो या व्यावसायिक स्पर्धेत ‘वजीर’ ही नवी भूमिका आणण्यात आली आणि त्या खेळाडूला दिशा बदलण्याची मुभा मिळाली. एका खेळाडूपुरते बंधन सैल करताच दोन्ही संघांना डावपेच नव्याने आखावे लागले.

हुतूतूमधील ‘दम’ हे दुसरे उदाहरण होय. चढाई करणाऱ्याने एका श्वासात शब्द उच्चारत राहायचे आणि श्वास सुटण्यापूर्वी परत यायचे. घड्याळ नसलेल्या गावातही या खेळाला काळाची मर्यादा होती, कारण घड्याळ खेळाडूच्या छातीतच होते. आजच्या कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. त्यामुळे निर्णय देणे सोपे झाले. मात्र कमी साधनांत नेमके काम करणारा नियम कसा असतो, हे शिकण्यासाठी दम हेच अधिक चांगले उदाहरण आहे.

यावरून रचनाकारासाठी एक सूत्र मिळते : जे वर्तन घडावेसे वाटते, त्याचा उपदेश नियमात लिहू नये, ते वर्तन खेळाडूला आपणहून करावेसे वाटेल, असे बंधन शोधावे.

५.३.३ पट काय सांगतो?

पटखेळांची परंपरा जुन्नर परिसराला परकी नाही. सातवाहनकालीन व्यापारी मार्गावरील नाणेघाट याच तालुक्यात आहे आणि तेथील कातळावर पटखेळांचे कोरीव आराखडे आढळले आहेत. वाटसरू, पहारेकरी किंवा गुराखी यांनी फावल्या वेळात ते कोरले असावेत. पिंपरी पेंढारपासून जवळ असलेल्या आळे येथे, ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे, त्या रेड्याची समाधी आहे. परंपरा मोक्षपट या खेळाचा संबंधही ज्ञानदेवांशी जोडते. मोक्षपटात सद्गुणांच्या शिड्या आणि दुर्गुणांचे साप असतात. खेळाडू कवड्यांच्या दानानुसार मोक्षाच्या दिशेने सरकतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच कुळातील खेळ इंग्लंडमध्ये मुलांसाठी नव्या रूपात निघाला आणि ‘सापशिडी’ म्हणून आपल्या घरांत परत आला. या प्रवासात घरांची नावे गळली आणि केवळ आकडे उरले.

मोक्षपट नीतीचा धडा देतो. पण त्याची रचना काय सांगते? खेळाडूला पटावर एकही निवड करता येत नाही. दान पडेल तसे जायचे. लोभाच्या सापाने गिळले, तर तो खेळाडूचा दोष नसून दानाचा परिणाम असतो. कर्म, प्रारब्ध आणि कृपा यांवर विश्वास असणाऱ्या खेळाडूला हे सुसंगत वाटेल. परंतु ‘विचार करून निर्णय घ्या’ असे मुलांना शिकवायचे असेल, तर सापशिडीचा साचा अपुरा ठरतो. ‘स्वच्छता सापशिडी’, ‘आरोग्य सापशिडी’ असे पट शाळांत तयार होतात. त्यांत हात धुण्याच्या घरात सोंगटी पडली, की ती शिडीने वर जाते. मूल हात धुण्याचा निर्णय घेत नाही, ते फक्त फासा टाकते. संदेश पटावर लिहिलेला असतो, खेळात नसतो.

रचनाकाराचा हेतू आणि खेळाचा अर्थ यांत अंतर पडू शकते, याचे बोलके उदाहरण अमेरिकेत सापडते. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे एकाधिकारपत्र मिळवले. जमिनीची मालकी मोजक्यांच्या हाती गेल्यास इतरांची कशी लूट होते, हे त्यांना दाखवायचे होते. त्याच कुळातला ‘मोनोपॉली’ हा खेळ १९३५ पासून जगभर गेला. आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने परिचित असलेला खेळही त्याच वळणाचा आहे. त्यात इतरांना कंगाल करणारा जिंकतो आणि खेळणारी मुले त्याचाच आनंद घेतात. खेळ ज्या गोष्टीला बक्षीस देतो, ती गोष्ट तो शिकवतो.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
> अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
> १. खो-खोतील सहकार्य कोणत्या बंधनातून निर्माण होते?
> २. हुतूतूमधील ‘दम’ खेळाच्या कोणत्या घटकाची गरज भागवतो?
> ब) चूक की बरोबर ते लिहा.
> १. मोक्षपटात खेळाडूला कोणत्या वाटेने जायचे, याची निवड करता येते.
> २. खेळाचा अर्थ रचनाकाराच्या हेतूवरून पूर्णपणे ठरतो.

५.३.४ नमुना : पिंपरी पेंढार परिसरासाठी एक खेळ

विषयाची पार्श्वभूमी. कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढले. उंच, दाट आणि अनेक महिने उभा राहणारा ऊस बिबट्याला लपण्यास सोयीचा ठरतो. मादी उसातच पिले घालते. तोडणीच्या वेळी ती सापडल्याचे प्रसंग या भागात नवे नाहीत. वस्तीजवळची कुत्री, शेळ्या आणि उकिरड्याभोवती जमणारी जनावरे हे त्याचे सहज मिळणारे भक्ष्य असते. लोक गावठाणात एकवटलेले न राहता मळ्यांत विखुरलेले राहतात. त्यामुळे शाळेची किंवा शेताची वाट उसाच्या कडेने जाते. या भागात माणसांवर हल्ले झाले आहेत आणि काही कुटुंबांनी आपली माणसे गमावली आहेत. बिबट्यासंबंधीचा खेळ रचताना हे क्षणभरही विसरता येणार नाही.

पहिला आराखडा आणि त्याचा दोष. विद्यार्थ्यांना हा विषय दिला, तर त्यांना बहुधा प्रथम वाघबकरी हा खेळ आठवेल. या कुळातील नेपाळच्या ‘बाघचाल’ या खेळात २५ बिंदूंच्या पटावर ४ वाघ आणि २० बकऱ्या असतात. वाघाने उडी मारून ५ बकऱ्या टिपल्या, तर वाघ जिंकतो. बकऱ्यांनी सर्व वाघांची कोंडी केली, तर बकऱ्या जिंकतात. याच धर्तीवर ‘एक बिबट्या आणि बारा गावकरी, गावकऱ्यांनी त्याला घेरून पिंजऱ्यात घातले की डाव संपला’ असा आराखडा लगेच तयार होतो. तो खेळायला रंजकही असतो.

परंतु तो काय शिकवतो? बिबट्याला घेरणे म्हणजे विजय, असे शिकवतो. प्रत्यक्षात जमावाने घेरलेला बिबट्या अतिशय धोकादायक असतो. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पिंजरा लागला की प्रश्न मिटला, असे हा खेळ सूचित करतो. पश्चिम महाराष्ट्रात मानवी वस्तीच्या प्रदेशातून बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडण्यात आले होते. त्या उपक्रमाचा विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. उपक्रमापूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत असत. उपक्रम सुरू झाल्यावर ही सरासरी १७ वर गेली. म्हणजे ज्या कृतीला आपला आराखडा विजयाचे बक्षीस देतो, तिचे वास्तवातील फळ उलट असू शकते. पिंजरा कधीच लावू नये, असा याचा अर्थ नाही. तो निर्णय वनविभागाचा असतो. शाळेतल्या मुलाच्या हाती मात्र पिंजरा नसतो. त्याच्या हाती असते ती वाट, सोबत आणि आसपासची स्वच्छता. म्हणून खेळही त्याच गोष्टींचा असावा.

दुसरा आराखडा : ‘उसाच्या कडेने’. हा सहकारी खेळ आहे. चारही खेळाडू एका बाजूला असतात. बिबट्या कोणाच्याही हाती नसतो, तो नियमानुसार चालतो.

*साधने :* ६ × ६ खणांचा पट, मुलांच्या ४ सोंगट्या, मोठ्या माणसांच्या ४ सोंगट्या, बिबट्याची १ सोंगटी, आमिषांसाठी ३ चिंचोके, ४ कवड्या.

*पट :* पटाच्या कडेचे २० खण म्हणजे रस्ता. आतले १६ खण म्हणजे ऊस. एका कोपऱ्यात शाळा आहे. शाळेपासून उजव्या हाताने रस्त्याने निघाल्यास ५ पावलांवर घर क, तेथून २ पावलांवर घर ख, तेथून ३ पावलांवर घर ग, तेथून ५ पावलांवर घर घ आणि आणखी ५ पावलांवर पुन्हा शाळा लागते. शाळा ते क आणि ग ते घ या दोन वाटांवर एकेक उकिरडा आहे. क आणि ख यांच्यामधल्या एकमेव खणात दार उघडे राहिलेला शेळ्यांचा गोठा आहे. ही तीन आमिषे होत.

*नियम :*

१. सर्व मुले शाळेतून निघतात. बिबट्या उसाच्या मधल्या चार खणांपैकी एका खणात असतो.
२. प्रत्येक फेरीत प्रत्येक खेळाडू पुढीलपैकी एकच कृती करतो : आपले मूल रस्त्यावरून २ पावलांपर्यंत चालवणे, किंवा मूल ज्या खणात आहे तेथील आमिषाची खबर देऊन ते मोठ्यांकडून बंद करवून घेणे.
३. मुलांना उसातून जाता येत नाही.
४. सर्वांच्या कृती झाल्यावर कवड्या टाकाव्यात. जितक्या उताण्या पडतील, तितकी पावले बिबट्या सर्वांत जवळच्या उघड्या आमिषाकडे आडवा किंवा उभा चालतो. दोन आमिषे सारख्याच अंतरावर असतील, तर शाळेला जवळ असलेले आमिष निवडावे. आमिषाशी पोचलेला बिबट्या पुढच्या फेरीत दुसऱ्या उघड्या आमिषाकडे निघतो. दुसरे उघडे आमिष नसेल, तर तो उसाच्या मध्यभागी परततो.
५. चाल संपल्यावर बिबट्याच्या खणात किंवा लगतच्या खणात एकटे मूल असेल, तर ते मूल शाळेत परत जाते. त्या मुलाबरोबर त्याच खणात किंवा रस्त्यावरील लगतच्या खणात दुसरे मूल असेल, तर बिबट्या उसाच्या मध्यभागी जातो. घरी पोचलेले मूल सोबत म्हणून मोजले जात नाही.
६. चारही मुले ९ फेऱ्यांच्या आत घरी पोचली, तर सर्व जिंकतात. नवव्या फेरीअखेर एक जरी मूल वाटेवर राहिले, तर सर्व हरतात.

५.३.५ चाचणी आणि दुरुस्ती

हा पट कागदावर काढून चार जणांनी खेळून पाहावा. आधी थोडे गणित करू. चौघांनी मिळून क, ख, ग, घ या क्रमाने जायचे ठरवले, तर एकूण १५ पावले, म्हणजे किमान ८ फेऱ्या लागतात. मर्यादा ९ फेऱ्यांची आहे. म्हणजे सर्वांनी थांबून एकाच आमिषाचा बंदोबस्त करता येतो. तिन्ही बंद करायचे म्हटले, तर ११ फेऱ्या होतात. दोन जोड्या केल्या, एक क आणि ख यांच्याकडे व दुसरी उलट दिशेने घ आणि ग यांच्याकडे, तर पहिली जोडी ४ आणि दुसरी ५ फेऱ्यांत पोचते. पण मग ख हे मूल शेवटची २ पावले आणि ग हे मूल शेवटची ५ पावले एकटेच चालते. चौघांनी मिळून उलट दिशेने जावे, तर एकट्याची वाट फक्त २ पावलांची उरते. परंतु नेमकी तीच उघड्या गोठ्यावरून जाते.

कोणतीही वाट निवडली, तरी एक गोष्ट टळत नाही. सोबतीने निघालेल्या मुलांपैकी शेवटचे मूल एकटे पडते. ‘घोळक्याने जा’ हा सल्ला आपण मुलांना नेहमी देतो. वस्ती विखुरलेली असेल, तर घोळका वाटेत विरत जातो आणि ज्याचे घर सर्वांत लांब, त्याच्या वाट्याला तो सल्ला अपुराच येतो. ही उणीव खेळाची नसून सल्ल्याची आहे आणि खेळाने ती पटावर दाखवून दिली. चांगल्या चाचणीतून असे काही हाती लागते.

आता दुरुस्ती करू. खेळात पुढील नियम वाढवावा :

७. प्रत्येक घरातून एक मोठे माणूस, डावात एकदा, रस्त्यावर ३ पावलांपर्यंत सामोरे येऊ शकते. त्यासाठी त्या घराच्या खेळाडूने त्या फेरीतील आपली कृती खर्च करावी. सामोरे आलेले माणूस मूल भेटेपर्यंत तेथेच थांबते, नंतर मुलाबरोबर चालते आणि सोबत म्हणून मोजले जाते.

या नियमाने काय बदलते, ते पाहा. घ या मुलाने ग च्या दारातून निघण्यापूर्वी एक फेरी खर्च करून घरातले माणूस बोलावले, तर पुढच्या फेरीत २ पावलांवरच दोघांची भेट होते. पण एकूण फेऱ्या बरोबर ९ होतात आणि आमिषाच्या बंदोबस्तासाठी एकही उरत नाही. गोठा बंद करायचा की माणूस बोलवायचे, यावर खेळाडूंना आपसात बोलावे लागते. हे बोलणे हाच या खेळाचा खरा धडा आहे. तो उपदेशाच्या एकाही वाक्यावाचून साधतो.

चाचणी घेताना रचनाकाराने गप्प बसावे. खेळाडू अडखळले तरी मदत करू नये. कोठे अडखळले, ते टिपून ठेवावे. नियमावली मुलांच्या हाती जाईल, तेव्हा आपण तेथे नसणार.

५.३.६ नियमांची भाषा

खेळाची रचना उत्तम असूनही भाषा ढिली असेल, तर खेळ मोडतो. नियमलेखनात पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे.

*(१) एका शब्दाला एकच अर्थ.* मराठीत पटावरील चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो. ‘उसाच्या कडेने’ या खेळात मात्र राहते घरही आहे. ‘मूल घरात आले’ या वाक्याचे मग दोन अर्थ होतील. म्हणून येथे पटावरील चौकोनाला ‘खण’ म्हटले आहे आणि ‘घर’ हा शब्द राहत्या घरासाठी राखून ठेवला आहे. ‘डाव’, ‘फेरी’, ‘पाळी’ आणि ‘खेळी’ हे शब्दही एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

*(२) कर्ता स्पष्ट असावा.* ‘कवड्या टाकून जवळच्या आमिषाकडे जावे’ या वाक्यात कोणी जावे, ते कळत नाही. ‘जितक्या कवड्या उताण्या पडतील, तितकी पावले बिबट्या चालतो’ या वाक्यात संदेह उरत नाही.

*(३) सक्ती आणि मुभा यांत भेद करावा.* ‘टाकाव्यात’ ही सक्ती, ‘येऊ शकते’ ही मुभा आणि ‘जाता येत नाही’ ही मनाई होय. ही क्रियारूपे संपूर्ण नियमावलीत सारखीच ठेवावीत.

*(४) अपवाद नियमालगत लिहावा.* दोन आमिषे सारख्या अंतरावर आली तर काय, हा प्रश्न चौथ्या नियमातूनच उद्भवतो. म्हणून त्याचे उत्तरही तेथेच दिले आहे.

*(५) शब्दांच्या भावच्छटेचे भान ठेवावे.* पटखेळात सोंगटी ‘मारतात’, सोंगटी ‘मरते’. ज्या गावात बिबट्याच्या हल्ल्याची आठवण ताजी आहे, तेथे मुलाची सोंगटी ‘मेली’ असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. म्हणून पाचव्या नियमात मूल ‘शाळेत परत जाते’. धोका कमी लेखलेला नाही, कारण परत गेलेले मूल वेळेत पोचणे अवघड असते. पण खेळाने कोणाच्या जखमेवर बोट ठेवलेले नाही.

> स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
> अ) थोडक्यात उत्तरे लिहा.
> १. ‘बिबट्याला घेरून पिंजऱ्यात घालणे’ या आराखड्यातील दोन दोष कोणते?
> २. सातव्या नियमाची गरज का निर्माण झाली?
> ब) पुढील नियम निःसंदिग्ध भाषेत पुन्हा लिहा : ‘एकदा घरात गेल्यावर परत बाहेर यायचे नाही.’

५.३.७ वर्गातील कार्यवाही

विद्यार्थ्यांना खेळ रचायला शिकवताना पुढील क्रम उपयुक्त ठरतो.

पहिल्या तासिकेला नवा खेळ रचायला सांगू नये. परिचित खेळातील एकच नियम बदलायला सांगावा. लंगडीत पाय बदलण्याची मुभा दिली तर काय होईल, किंवा सापशिडीत प्रत्येकाला दोन दाने टाकून त्यांतील एक निवडता आले तर काय होईल, हे मुलांनी खेळूनच पाहावे. नियम बदलला की खेळ बदलतो, हा अनुभव व्याख्येपेक्षा अधिक शिकवतो.

दुसऱ्या तासिकेला परिसरातील प्रश्न निवडावा. त्यातील माणसे कोणती, त्यांना काय हवे आहे आणि त्यांच्या हाती काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहावीत. ‘त्यांच्या हाती काय आहे’ याचे उत्तर म्हणजेच खेळातील कृती.

तिसऱ्या तासिकेला कच्चा पट करावा. तो मुद्दाम पाठकोऱ्या कागदावर आणि पेन्सिलीने काढावा. सुबक पट खोडायला मन धजत नाही.

चौथ्या तासिकेला गटांनी पट आणि लेखी नियम यांची अदलाबदल करावी. ज्यांनी रचना केली, त्यांनी तोंडी काहीही समजावून सांगू नये. पाचव्या तासिकेला दुरुस्त नियमावलीचे लेखन करावे.

मूल्यमापन करताना पटाच्या सजावटीला गुण देऊ नयेत. नियमांची स्पष्टता, खेळाडूसमोरील निवडीचा दर्जा, वास्तवाशी असलेला प्रामाणिकपणा आणि चाचणीनंतर केलेली दुरुस्ती हे चार निकष ठेवावेत. विषय वेदनेशी जोडलेला असेल, तर वर्गातील एखाद्या मुलाच्या घरी तशी घटना घडली आहे का, याची चौकशी आधीच खाजगीपणे करावी आणि गरज वाटल्यास विषय बदलावा.

५.४ सारांश

खेळ हे सर्वमान्य नियमांनी उभे केलेले छोटे जग होय. त्याचे सहा घटक असून कृती आणि बंधने यांच्या संबंधातून खेळाडूचे वर्तन घडते. खो-खोतील दिशेचे बंधन सहकार्य घडवते, तर हुतूतूमधील दम काळाची मर्यादा घालतो. खेळ ज्या कृतीला बक्षीस देतो, ती कृती तो शिकवतो. म्हणून आराखडा वास्तवाशी ताडून पाहणे आवश्यक असते. पिंपरी पेंढार परिसराच्या नमुन्यात घेराव घालणारा खेळ नाकारून सोबतीचा खेळ रचला. चाचणीत शेवटचे मूल एकटे पडते, हे ध्यानात आले आणि त्यावरून नवा नियम सुचला. नियमलेखनात शब्द एकार्थी, कर्ता स्पष्ट, सक्ती व मुभा वेगळी आणि भाषा संवेदनशील असावी.

५.५ पारिभाषिक शब्द, शब्दार्थ

* आमिष : भक्ष्याला किंवा प्राण्याला ओढून आणणारी वस्तू, येथे उकिरडा व उघडा गोठा.
* उताणी कवडी : तोंड वर करून पडलेली कवडी.
* दान : फासे किंवा कवड्या टाकल्यावर पडणारी संख्या.
* फेरी : सर्व खेळाडूंची प्रत्येकी एक पाळी.
* भिडू : आपल्या बाजूचा खेळाडू.
* सहकारी खेळ : ज्यात सर्व खेळाडू एकत्र जिंकतात किंवा एकत्र हरतात, असा खेळ.

५.६ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ अ) १. पाठलाग करणाऱ्याला उलट फिरता येत नाही व रांगेतून पलीकडे जाता येत नाही, या बंधनातून. २. चढाईला काळाची मर्यादा घालण्याची, म्हणजे बंधनाची.
ब) १. चूक. २. चूक.

प्रश्न २ अ) १. जमावाने बिबट्याला घेरण्याच्या धोकादायक कृतीला तो बक्षीस देतो. तसेच बिबट्या पकडला की प्रश्न मिटतो, असा गैरसमज निर्माण करतो. २. कोणत्याही वाटेने गेले, तरी शेवटचे मूल एकटे पडत असल्यामुळे.
ब) ‘आपल्या राहत्या घरी पोचलेल्या मुलाची सोंगटी तो डाव संपेपर्यंत रस्त्यावर आणता येत नाही.’

५.७ सरावासाठी स्वाध्याय

१. आपल्या लहानपणच्या एका मैदानी खेळाची नियमावली २५० शब्दांत लिहा. त्यातील कोणत्या एका बंधनामुळे तो खेळ टिकून आहे, ते स्पष्ट करा.
२. ‘खेळ ज्या गोष्टीला बक्षीस देतो, ती गोष्ट तो शिकवतो’ या विधानाची ‘व्यापार’ आणि सापशिडी यांच्या आधारे चर्चा करा.
३. ‘उसाच्या कडेने’ या खेळात ज्याचे मूल आधी घरी पोचते, तो खेळाडू डाव संपेपर्यंत नुसता बसून राहतो. हा दोष दूर करणारा एक नियम लिहा आणि त्यामुळे फेऱ्यांच्या गणितात काय फरक पडतो, ते दाखवा.

५.८ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील शाळेच्या वाटेचा साधा नकाशा काढा. मुले कोठून कोठे चालत जातात, कोणत्या ठिकाणी घोळका फुटतो आणि शेवटचे मूल किती अंतर एकटे चालते, याची पायी फिरून नोंद करा. धोका बिबट्याचाच असेल असे नाही. तो ओढा, महामार्ग किंवा अंधारही असू शकेल. या नोंदींवरून ‘उसाच्या कडेने’ या खेळाचा पट आपल्या गावासाठी बदला आणि मुलांना खेळायला द्या. काढलेला नकाशा शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि ग्रामपंचायतीलाही दाखवा.